बडग्याच्या पोटावरचा आकडा

२ ऑगस्ट, शनिवार

नोकरी लागली. थोडं खोटं बोलून लागली, पण पूर्ण खोटं नाही. सदर भागात चष्म्याच्या दुकानाच्या वरती सुमंत सरांचं ऑफिस आहे, वेबसाइट बनवतात. सरांनी विचारलं, "डॉकर येतं का?" मी म्हटलं, येतं. मनालीला ढाब्यावर होतो तेव्हा बर्फानं रस्ता बंद झाला होता, तेव्हा त्याचे व्हिडिओ पाहिले होते. पॉलिटेक्निक मधातच सोडलं हे सरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ऑफिसात आम्ही तिघंच. सर, मी आणि भूमिका. भूमिकाला सगळं येतं, पण ती एका दवाखान्याच्या कामात अडकली आहे, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. काम रुपरावभाऊंचं. त्यांचं बडग्याचं मंडळ आहे आणि यंदा महापालिकेला उभं राहायचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे ईडापीडा घेऊन निघतात, मागे बडगे, म्हणजे वर्षभराच्या वाईटाचे बांबू-कागदाचे पुतळे. त्या मिरवणुकीत भाऊंच्या बडग्याच्या पोटावर एलईडीची पाटी लागणार. लोकांनी मोबाइलवरून आपापली ईडापीडा लिहून पाठवायची. पाटीवर फक्त आकडा दिसणार, इतक्या पीडा बडग्याच्या पोटात गेल्या. मिरवणूक संपल्यावर बडग्याला जाळतात, त्याच वेळी मी इकडे लिहिलेलं सगळं पुसून टाकायचं.

मले हे लय आवडलं. पानाच्या वरती काय लिहायचं ते सरांनी माझ्यावर सोडलं. मी लिहिलं: 'मोकळेपणानं लिहा. हे कोणीही वाचणार नाही. बडग्यासोबत जळून जाईल.' खाली नाव विचारलं नाही, फक्त मोबाइल नंबर. तो भाऊंनीच टाकायला लावला. "एकच माणूस शंभर वेळा लिहीन तं आकडा खोटा होईन न गा." भाऊ बारीक विचार करतात.

हुडकेश्वरला घरी आल्यावर कामिनीताईला सांगितलं. मी तिच्याकडेच राहतो सध्या, हॉलमधल्या दिवाणावर. ती म्हणाली, "कोणीच वाचणार नाही, मंग लिहायचं काहून?" मी म्हटलं, "मारबतीले आपण ओरडून सांगतो, ती वाचते का?" भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "साळेबुवा कामाले लागले, हीच एक पीडा गेली माया घरची." सगळे हसलो. ताई पोळी उलटवत होती.

५ ऑगस्ट, मंगळवार

होऊन नाही राहिलं.

माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतं. क्लाउडवर टाकलं की पाच मिनिटं फिरत राहतं आणि मग लाल अक्षरात, सेवा सुरू झाली नाही. डॉकर म्हणजे मी समजलो ते असं, की स्वयंपाक, भांडी, गॅस, मसाला सगळं एका बंद डब्यात भरायचं, मग तो डबा कोणाच्याही घरी ठेवा, भाजी तीच होते. त्या डब्याला कंटेनर म्हणतात. आणि क्लाउड कंपनी म्हणजे ओटा भाड्यानं देणारी. मग माझ्या घरी होणारी भाजी त्यांच्या ओट्यावर काहून होत नाही?

सर दोनदा मागे येऊन उभे राहिले. "शुक्रवारी भाऊ पत्रक वाटायला काढतायत. त्यावर पत्ता छापलाय." एवढंच म्हणाले. सर ओरडत नाहीत, त्यानं जास्त भीती वाटते.

खातं माझ्याच ईमेलवर उघडलं आहे. नवीन खात्याला सुरुवातीला फुकट मिळतं आणि सरांचं फुकट केव्हाच वापरून झालं. म्हणजे चावी माझ्या एकट्याकडे. छाती फुगायला पाहिजे होती, पण बिघडलं की बोट पण माझ्याकडेच.

६ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसात जातो म्हणून निघालो आणि महाल भागात भाऊंच्या मंडळाचा बडग्या पाहायला गेलो. पाहायलाच पाहिजे न, ज्याच्या पोटाचं काम करून राहिलो तो. बांबूचा सांगाडा उभा झाला आहे, डोकं वेगळं पडलं आहे. पोरं खळ लावून पेपर चिकटवत होती. मीही बसलो. एक मांडी पूर्ण मी चिकटवली. यंदाचा विषय कोणाला सांगायचा नाही, इथे लिहितो: मोबाइलवरून लोकांना लुटणारा सायबर चोर. एका हातात हातभर लांब फोन, दुसऱ्या हातात जाळं. छातीवरची पाटी रंगवून तयार आहे, 'अनोळखी फोन आला तर उचलू नका'.

चार वाजता भूमिकाचा फोन. "कुठं मेला तू? सरांना सांगितलं की तू दाताच्या डॉक्टरकडे आहे. गाल धरून ये."

गाल धरून गेलो. तिनं माझं काम उघडलं आणि डोक्याला हात लावला. "अरे, तुया डब्याचं दार आतूनच बंद आहे. तू प्रोग्रामले सांगितलं, फक्त घरातल्याच माणसाचं ऐक. बाहेरून आवाज दिला तं तो उठूनच नाही राहिला. अन् दाराचा नंबर तू आपल्या मनानं ठरवला. इथं नंबर जागेचा मालक सांगते, पोर्ट म्हणतात त्याले. तो विचारून घ्यायचा." दोन ओळी बदलल्या. हिरवं झालं.

"दातात काय निघालं?" सरांनी विचारलं. "अक्कलदाढ," भूमिका म्हणाली. "येऊन राहिली आहे."

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ताईनं राखी बांधली, पेढा भरवला. भाऊजी बाहेर गेल्यावर तिनं विचारलं, "तू मनालीले गेला, पंजाबात गेला, कोणाले न सांगता. निघते वेळी भीती नाही वाटत?" कोणी असं विचारलं की मी सुटतो. ट्रकवाल्यांच्या गोष्टी सांगितल्या, भटिंड्याचे पराठे सांगितले. ती मधात मधात वेगळंच विचारत होती. पोचल्यावर पहिली रात्र कुठे काढतोस, कागद सोबत ठेवतोस का. मी म्हटलं, "तुले फिरायला जायचं का? भाऊजीले सांगू?" ती एकदम उठली. "काही सांगू नको. मी आपली विचारून राहिली."

तिच्या फोनची बेल वाजली तेव्हा भाऊजी दारातच होते. त्यांनीच उचलला. ताईचे फोन तेच उचलतात. तिला ते मोबाइलमधलं फारसं जमत नाही म्हणून. पण परवा माझ्या लॅपटॉपवर ती भराभर टाइप करत होती, ते पाहून मला नवल वाटलं.

११ ऑगस्ट, सोमवार

सत्यानाश.

पत्रकं वाटली गेली आणि लोकं धडाधड लिहायला लागली होती. आज सकाळी मी फक्त पानाचा रंग बदलला. निळ्याचा पिवळा केला, मारबतीचा. परत डिप्लॉय केलं, म्हणजे क्लाउडवर चढवलं, आणि आकडा शून्य. चारशेच्या वर पीडा होत्या, एक पण नाही.

रुपरावभाऊंचा फोन सरांना, सरांनी मला दिला. "काय गा गोलू, पीडा कुठं गेल्या?" हसण्यासारखं वाक्य आहे. मी म्हटलं, "भाऊ, आकडा परत टाकता येते, कोणाले कळणार नाही." भाऊ म्हणाले, "आकडा जाऊ दे रे. आकडा आपल्या घरचा आहे. नंबर गेले न लोकायचे." मला वाटलं होतं ते आकड्यावर चिडतील. उलट त्यांनी माणसांची काळजी केली. मोठा माणूस.

१२ ऑगस्ट, मंगळवार

भूमिकानं समजावलं. चहा घेऊन खाली टपरीवर बसलो होतो. "बडग्या जपून ठेवते का कोणी? दरवर्षी नवा बांधतात, जुना जाळतात. कंटेनरचं तसंच आहे. तू नवीन डिप्लॉय केलं की जुना डबा फेकतात, त्याच्यात जे होतं ते गेलं. जे टिकवायचं ते डब्याच्या बाहेर ठेवायचं, डेटाबेसमध्ये."

"पण टिकवायचं कुठं आहे आपल्याले? जाळायचंच तं आहे."

तिनं ग्लास खाली ठेवला. "तेही खरंच आहे. पण तेवीस तारखेपर्यंत तं टिकलं पाहिजे."

दुपारी बाहेरचा डेटाबेस जोडला. आता मी दहादा रंग बदलला तरी एक ओळ हलत नाही. भूमिकानं तपासून पाहायला स्वतःच एक पीडा लिहिली, मला स्क्रीन पाहू दिली नाही. नंबर तिच्या बाबांचा टाकला. "माया नंबर देऊन तू मले रोज मेसेज टाकशील."

१६ ऑगस्ट, शनिवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला. "गोलू, सोमवारसारखा गोंधळ पुन्हा झाला तर? एक प्रत माझ्याकडे असू दे. सगळं एका फाइलमध्ये काढ आणि मला पाठव." बरोबर आहे. आत्तापर्यंतचं काढून पाठवलं. सर म्हणाले, "शाबास. शिकलास." कोणी शेवटचं शाबास कधी म्हटलं होतं, आठवत नाही.

एक लिहून ठेवतो. फाइल काढताना मी वाचल्या. 'कोणीही वाचणार नाही' असं ज्यानं लिहिलं त्यानंच. सुरुवातीला मजा आली. शेजाऱ्याचा कुत्रा, गुडघा, नणंद, नवऱ्याचं घोरणं. मग एक आली. 'मी रोज डबा घेऊन ऑफिसला निघतो. ऑफिस उन्हाळ्यातच बंद पडलं. दिवसभर गांधीसागर तलावावर बसतो.' लॅपटॉप बंद केला. बाथरूमचं दार चुकून उघडावं तसं झालं. पुढे वाचलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी भाऊजी आंघोळीला गेले तेव्हा ताई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी पाठवलं बरं, तुया बडग्याले."

"काय पाठवलं?"

"तुले काय करायचं? कोणी वाचत नाही न?"

"नाही."

"खरं?"

"आईची शपथ." आईची शपथ मी दिवसातून चारदा घेतो, पण ताईनं ती मनावर घेतली. पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. जाता जाता म्हणाली, आपल्या फोनवरून लिहिलं आणि लगेच तिथून पुसूनही टाकलं, म्हणजे माझ्यापेक्षा तिला जास्त जमतं.

दिवसभर एकच विचार. तिची पीडा मीच असलो तर? चौतीस पोळ्या लागतात आठवड्याला एकट्या माझ्या. मी दिवाण अडवला म्हणून भाऊजी बोलतात ते तिलाच ऐकावं लागतं. तिचा नंबर टाकून शोधला तर एका सेकंदात निघेल. शोधला नाही. शपथेमुळे नाही, भीतीमुळे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

भूमिका ऑफिसात आली ती सरळ माझ्या टेबलाजवळ. बसली नाही.

"मायं कोणी वाचलं?"

मी म्हटलं, "काय?"

"काल बाबांच्या फोनवर फोन आला. 'रुपरावभाऊंच्या जनसंपर्क कार्यालयातून बोलतो.' बाबा ड्यूटीवर होते, गेटवर." तिचे बाबा सोसायटीत वॉचमन आहेत. "बाबाले ऐकू कमी येते, हे कोणालेच माहीत नाही. आम्ही घरात पण बोलत नाही त्याच्यावर. मी त्या पानावर लिहिलं होतं, बाबाचे कान वापस येऊ दे, नाहीतं नोकरी जाईन. तं बाबानं काय केलं, ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर टाकला. अन् तो माणूस जोरजोरात सांगते, 'तुम्हाले ऐकू येत नाही हे भाऊंना समजलं, शिबिरात मशीन लावून देऊ, मतदान कार्ड घेऊन या.' सोसायटीचा सेक्रेटरी तिथंच उभा होता."

तिनं विचारलं, "तू फाइल दिली कोणाले?"

"सरांना. बॅकअप म्हणून."

"बॅकअप." ती खुर्चीत बसली. "अरे गधड्या, डेटाबेसचा बॅकअप ती कंपनी स्वतः रोज घेते."

मग सगळं एकामागोमाग कळलं. नंबर कायला पाहिजे होता. भाऊ 'आकडा जाऊ दे' काहून म्हणाले. मी त्यांना मोठा माणूस म्हणून लिहिलं आहे वर, ते खोडणार नाही, राहू दे.

संध्याकाळी सर म्हणाले, "उद्या रात्रीपर्यंत शेवटची फाइल हवी. मारबतीच्या दिवशी सकाळपासून पंधरा मुली फोनवर बसणार आहेत. तुमची पीडा भाऊंनी ऐकली, असं सांगायचं."

"सर, आपण लिहिलं आहे कोणी वाचणार नाही म्हणून."

सरांनी चष्मा पुसला. "तू लिहिलंस. आणि कोणाचं वाईट करतोय आपण? मदतच करतायत ना ते?"

ताईचं १८ चं आहे. पहिल्या फाइलमध्ये ती नव्हती. उद्याच्या फाइलमध्ये आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

ताई सकाळच्या बसनं रामटेककडे गेली, आईकडे, पोळ्याला. भाऊजींनी हो म्हटलं हेच नवल. फक्त म्हणाले, "फोन राहू दे इथंच. गर्दीत पाडशील. काही लागलं तं तुया आईच्या फोनवर करीन." ताईनं फोन काढून दिला. बसस्टॉपवर सोडायला गेलो तेव्हा म्हटलं, "रविवारी येतेस न?" तर म्हणाली, "तू नीट जेवत जा." सणाला म्हणून भलती मोठी पिशवी घेतली होती, मीच उचलून दिली. जड होती.

घरी आलो तर तिचा फोन भाऊजींच्या मांडीजवळ. टीव्ही पाहून राहिले होते. तेव्हा लक्षात आलं. उद्या सकाळी त्या पंधरा मुलींपैकी एक हाच नंबर लावणार. उचलणार भाऊजी. ताईनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण तिनं माझी शपथ खरी मानली, आणि लिहून लगेच फोनवरून पुसलं. भाऊजींनी ऐकावं असं ते नाही, एवढं मलाही कळतं.

आधी सोपं ते केलं. गच्चीवर जाऊन ताईचा नंबर शोधला, तिची ओळ निघाली. लिहिलेलं बाजूच्या रकान्यात होतं, लांब होतं. मी स्क्रीनवर हात ठेवला, खरंच हात ठेवला, आणि ओळ पुसली. सुटलो असं वाटलं. भूमिकाला फोन केला. "ताईचं काढलं. आता फाइल दिली तरी चालते."

ती म्हणाली, "हो न. तुया ताईचं निघालं. माया बाबाचं तं निघूनच गेलं." आणि फोन ठेवला.

मला वाटलं ती रागावली. मग गच्चीच्या टाकीजवळ बसून विचार केला, त्या गांधीसागरवाल्याच्या घरी पण कोणी उचलणार असेल फोन. बायको उचलेल. डबा भरून देणारी.

दुपारी पूर्ण डेटाबेस उडवला. कंपनी तीनदा विचारते, खरंच का, खरंच का, नाव टाइप करून दाखवा. टाइप केलं. बॅकअप पण उडवले. खातं माझं होतं, म्हणून जमलं. अ‍ॅप पुन्हा जुन्यासारखं केलं, जे येईल ते डब्यातच, नंबरचा रकाना काढून टाकला. आकडा मात्र कालच्याच जागेवरून पुढे चालू ठेवला, भाऊंना शंका यायला नको.

सरांचा मेसेज: 'फाइल?' मी लिहिलं: 'सर, नेटवर्क नाही. सकाळी.'

पहिल्या फाइलमधले मात्र गेलेच. ते मी परत आणू शकत नाही. पुसायचं बटण फक्त माझ्याकडे जे आहे त्यालाच आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार. मारबत

घाईत लिहितो, अक्षर समजून घे. कोणाला सांगून राहिलो, कोण जाणे.

सरांचे सकाळपासून अकरा मिस्ड कॉल. उचलले नाहीत. भूमिका येणार नाही असं वाटलं होतं, पण मिरवणुकीच्या रस्त्यावर चितार ओळीच्या तोंडाशी उभी होती, रेनकोट घालून. "बाबाले आज घरी बसवलं सेक्रेटरीनं," म्हणाली. "काय करायचं ठरवलं?"

रात्री एक पान लिहून ठेवलं होतं. पाटीवर आकड्याच्या जागी ते आलं पाहिजे. आधीच चढवलं असतं तर भाऊंच्या पोरांनी पाटीच काढली असती, म्हणून बडग्या गर्दीत मधोमध आल्यावर. तिथून कोणी काही काढू शकत नाही.

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, लॅपटॉप मांडीवर, भूमिकानं वरून छत्री धरली. आणि नेट नाही. लाखभर माणूस एका रस्त्यावर, सगळ्यांच्या हातात फोन, टॉवर काय करेल. पाठवलं की अडकायचं. काळ्या-पिवळ्या मारबतीची भेट झाली, लोकं ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत." बडगे यायला लागले. आपला तिसरा. लांबून त्याचं डोकं दिसलं, हातातला फोन दिसला. पोटावर आकडा पळत होता.

"माया फोनचं नेट घे, माया वेगळ्या कंपनीचं आहे," भूमिका म्हणाली. त्यानं गेलं. आता क्लाउडवर डबा बांधून राहिला होता. बांधतो आहे. बांधतो आहे. बडग्या आमच्या समोर आला. समोर ट्रॅक्टरवर रुपरावभाऊ, गळ्यात हार, हात जोडलेले. सर पण होते मागे. त्यांनी मला पाहिलं. ते उतरायला लागले.

"लाल झालं," मी म्हटलं.

"लाल नाही, नारिंगी. थांब. जुना डबा चालू आहे तोवर नवा तपासून राहिला. हात लावू नको. गोलू, हात लावू नको."

मी कधी एका जागी थांबलो नाही आयुष्यात. तिनं माझं मनगट धरून ठेवलं म्हणून थांबलो.

हिरवं.

पाटी एकदा काळी झाली आणि मग अक्षरं आली. 'तुमची पीडा वाचली गेली. सोळा ऑगस्टपर्यंत लिहिणाऱ्यांचे नंबर भाऊंच्या कार्यालयात गेले. त्यांचा फोन आला तर उचलू नका. ज्यानं दिले तो माफी मागतो.'

लोकं वाचायला थांबली आणि मग टाळ्या वाजल्या. शिट्ट्या. सगळ्यांना वाटलं बडग्याचंच आहे. वरती छातीवरच्या पाटीवर पण तेच, फोन आला तर उचलू नका. एक म्हातारा म्हणाला, "वा, यंदा कोणालेच नाही सोडलं, स्वतःच्या भाऊले पण नाही." रुपरावभाऊंना मागे वळून वाचावं लागलं. मग समोर वळून हसले. दुसरं काय करणार, पाच पाच कॅमेरे समोर. पण गर्दीत मला काही माणसं दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती, खिशातून फोन काढून पाहत होती.

सर माझ्यापर्यंत पोचले तेव्हा एकच वाक्य बोलले. "उद्यापासून येऊ नकोस." आणि भूमिकाकडे पाहून, "तूसुद्धा." भूमिका म्हणाली, "सर, दवाखान्याचं काम कोण करीन?" सर ट्रॅक्टरकडे वळले. ती म्हणते सोमवारी ते स्वतःच फोन करतील. मला नाही वाटत.

बडग्या जळाला तेव्हा मी सेवा बंद केली. पान बंद पडलं. आत जे होतं ते गेलं, वाचणारा कोणी नाही.

घरी आलो. ताईचा फोन दिवाणावर, भाऊजींजवळ. दिवसभर वाजला नव्हता. मी विचारलं नाही, भाऊजीच म्हणाले, "हिले कोणी फोन नाही करत. बरं आहे."

२४ ऑगस्ट, रविवार

आईच्या फोनवरून ताईचा फोन आला, सकाळी. गावात कोणीतरी मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवला होता.

"ते पाटीवरचं तू लिहिलं?"

"हो."

"मायं पण गेलं का त्याच्यात?"

"नाही. तुयं तं वेगळंच काढून पुसलं. मंग सगळंच पुसलं."

"वाचलं?"

"नाही."

मागून आईचा आवाज येत होता, कोंबड्यांना हाकलत होती. ताई म्हणाली, "मंग तोंडानं सांगते. मी वापस येत नाही."

मी म्हटलं, "किती दिवस?"

"येत नाही म्हटलं न गोलू." मग एकदम साध्या आवाजात, भाजी आणायला सांगावी तसं, "कपाटात सगळ्यात खालच्या खणात साडीखाली निळी फाइल आहे. मायी मार्कलिस्ट आहे, अन् कॉम्प्युटरच्या क्लासचं सर्टिफिकेट. ते पिशवीत मावलं नाही. ते घेऊन ये, अन् तुयं पण सामान घे. तिथं राहू नको."

"भाऊजी घरीच आहेत."

"म्हणून तं तुले सांगून राहिली."

कॉम्प्युटरचा क्लास. मी तिला फिरायला जायचं का विचारलं होतं. मला वाटत होतं तिची पीडा मी आहे. मी त्याच्यात कुठंच नव्हतो.

फाइल काढली. माझं सामान तसंही एका पाठपिशवीत मावतं. हॉलमध्ये आलो. भाऊजी पेपर वाचत होते, पहिल्या पानावर मारबतीचा फोटो.

"कुठं बे, साळेबुवा?"

"रामटेकले."

"कामिनीले म्हण, उद्याच्या पहिल्या बसनं ये. झाला पोळा." मग फाइल दिसली. "हे कायचं आहे?"

दारात कोणी अडवलं की मला पटकन खोटं सुचतं. आत्ताही दोन-तीन सुचली होती. माझं आधार कार्ड. आईचे रिपोर्ट.

"ताईची आहे," मी म्हटलं. "ती येऊन नाही राहिली."

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. उठतील, कॉलर धरतील असं वाटलं, मी चप्पल पायात अर्धी घातलेली. पण ते उठले नाहीत. आपला फोन घेतला, माझ्याकडे पाहतच ताईला लावला आणि कानाला धरला.

तो त्यांच्या मांडीजवळच वाजला. दिवाणावर. त्यांनी खाली पाहिलं. दोन्हींपैकी एकही बंद केला नाही. मी जिना उतरून रस्त्यावर आलो तरी वरती वाजून राहिला होता.